देश पाहायला गेले, वेसाव्याला अडकले

आपल्या मोंबासाच्या मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी 'देशातला प्रवास' लिहून दे, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं, आणि प्रत्येकाने जाता जाता विचारलं, "ताजमहाल पाहिलास ना?" नाही पाहिला. आग्र्याकडे फिरकलेसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मुंबईत राहूनही मी मुंबई धड पाहिली नाही. माझा सगळा देश अंधेरीपासून मनोरीपर्यंत, एवढ्यातच आटोपला. ज्यांना ताजमहाल हवा असेल त्यांनी हे पान उलटावं, माझा राग नाही.

लोक शिकायला विलायतेला जातात, मी उलटी गेले. मोंबासात मुलीला मॅट्रिकच्या पुढे वाट नाही, आणि बाबांनी तर रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करता करताच ठरवून ठेवलं होतं की मंदा बी. एस्सी. होणार. आई नाही, भाऊ नाही, बहीण नाही, मी एकटी. तरी त्यांनी मला बोटीत बसवलं. हातात ब्रिटिश पासपोर्ट, तोंडात मराठी, मराठीत मधूनमधून स्वाहिली. तुम्ही त्याला 'देश' म्हणा, माझ्यापुरता तो परदेशच होता. बोट लागण्याचं वर्णन मी गाळते. ज्यांना लागते त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना लागत नाही त्यांना सांगून कळत नाही.

एक मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटचं पान चोरून वाचणार नाही. मी शिकायला गेले आणि प्रेमात पडले. आणि मग कितीतरी महिने मला एकाच प्रश्नाने छळलं: या माणसाला मी हवी आहे, की आफ्रिका?

अंधेरी

माईमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं घर अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, दोन खोल्यांचं, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भाताची खाचरं. मी समजत होते की मी मुंबईत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका डबा घेऊन निघाले आणि म्हणाले, "मुंबईला जाऊन येतो." मी मावशीला विचारलं, "मग हे काय आहे?" ती म्हणाली, "ही अंधेरी. मुंबई तिकडे, माहीमच्या खाडीपलीकडे." इतक्या लांबून येऊन मी मुंबईच्या अलीकडेच उतरले होते तर!

मावशीने पहिल्या जेवणाला विचारलं, "सिंह घरात शिरतात का गं?" मी म्हटलं, "बाबा कडी लावतात." तिने गंभीरपणे मान डोलावली. ही थाप मी पुढे कधीच दुरुस्त केली नाही, आणि मावशी ती गल्लीभर सांगत राहिली.

मरोळहून एक भाजीवाली यायची. लाल लुगडं, कानांत जड सोनं आणि गळ्यात क्रूस. क्रूस पाहून मी आपली इंग्रजीत वांग्यांचा भाव विचारला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मराठीत बोल ना गं! आमच्या सात पिढ्या हितंच पेरतायत." मी ओशाळले. तिने वर कोथिंबिरीची जुडी फुकट टाकली आणि म्हणाली, "घे, आफ्रिकेत मिळत नसंल." मिळते, पण फुकट मिळत नाही.

त्याच मरोळच्या रस्त्यावर मला आपला म्बुयू दिसला. तोच फुगलेला बुंधा, तीच उघडी बोटं आभाळात. इथे त्याला गोरखचिंच म्हणतात. कुणा आफ्रिकी खलाशांनी कधी काळी बी आणलं असेल, असं काका म्हणाले. मला घरची इतकी आठवण दाटून आली की मी जाऊन त्या झाडाला मिठी मारली. मावशी दहा पावलं मागे राहिली आणि ही आपली कुणी नव्हेच असं दाखवत उभी राहिली.

मनोरी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाची सहल मनोरीला गेली. मालाडहून बसने मार्व्याच्या धक्क्यावर यायचं आणि होडीने खाडी ओलांडायची. परतीची भरती गाठायची म्हणून आम्ही ओहोटीतच निघालो. पलीकडे होडी किनाऱ्यापासून बरीच अलीकडे थांबली आणि नावाडी म्हणाला, "उतरा." उतरा म्हणजे चिखलात. साडी सावरत मी पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत रुतला. एक चप्पल गेली. ती काढायला वाकले तर दुसरीही गेली. मैत्रिणी पुढे निघून गेल्या आणि मी खाडीत रोवलेल्या खांबासारखी उभी.

वरच्या वर्गातला एक उंच, सावळा मुलगा सरांच्या मदतीला आला होता. तो मागे फिरला. "बाई, चपलांचा नाद सोडा. पाय वर ओढू नका, आधी टाच उचला."

"तुम्हांला बरं माहीत!"

"मी वेसाव्याचा कोळी. चिखलात आधी चाललो, जमिनीवर नंतर."

त्याचं नाव हरेश्वर. कोरड्या वाळूवर पोचल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही मोंबासाच्या ना? तिथे भरती किती चढते?" सिंह नाही, हत्ती नाही, जंगल नाही, भरती. आतापर्यंत कुणीच मला माझ्या घराबद्दल शहाणा प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला आमच्या जुन्या बंदराच्या पायऱ्या सांगितल्या, भरतीला किती बुडतात आणि ओहोटीला किती उघड्या पडतात ते सांगितलं. तो ऐकत राहिला. माझं जे व्हायचं ते तिथेच झालं.

दुपारचं जेवण आग्नेसबाई नावाच्या बाईंच्या घरी होतं. त्यांनी जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, तीही मराठीत, आणि मग तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं लालभडक कालवण आणि फुगे नावाचे तळलेले गोळे पानात वाढले. वर्षाचा मसाला त्या कुटून बाटल्यांत ठासून भरतात. बाटली उघडली की घरभर वास. फुगे ताडीने आंबवतात, असं कुणीतरी मला कानात सांगितलं. राज्यात दारूबंदी आहे, तेव्हा मी मोठ्याने काही विचारलं नाही आणि सहा खाल्ले.

निघताना आग्नेसबाईंनी माझे अनवाणी पाय पाहिले आणि स्वतःच्या चपला पुढे सरकवल्या. मी म्हटलं, "परत कशा देऊ?" "ये की परत, देयाला." पुढे मी खरंच गेले, तर त्यांनी चपला घेतल्याच नाहीत, उलट जेवायला बसवलं.

जुहू

त्यानंतर रविवारी संध्याकाळी आम्ही जुहूला भेटू लागलो. तिथे नारळाची झाडं जास्त आणि माणसं कमी, म्हणून ओळखीचं कुणी दुरूनच दिसतं आणि पळायला वेळ मिळतो. आपल्याकडे किनाऱ्यावर तळलेला मोगोचा कंद मिळतो, वर तिखट आणि लिंबू, तिथे भेळ. हरेश्वरने मला मागणी घातली तीही भेळ खाताखाताच. "मंदा, मला तू आवडतेस. पुरी हवी का अजून?" मी दोन्हींना हो म्हटलं.

तो अहो-जाहोवरून अगं-तूगंवर आला, आणि त्याच्या प्रश्नांना भरती आली. किलिंडिनी बंदरात कामाला माणसं कुठली? बाहेरून आलेल्याला मचवा घेऊ देतात का? हिंदी माणूस तिथे मासे मारतो का? मी सांगितलं, "नाही रे, आपले लोक तिथे दुकानं नाहीतर कारकुनी. मासे स्वाहिली लोक मारतात."

"कारकुनीच?"

"नाहीतर सुतारकाम, बाबांसारखं."

मग बाबांबद्दल. ते एकटे कसे राहतात, नजर किती अधू झाली आहे, जेवण कोण करतं. मग परवान्याबद्दल. मग स्वाहिली शब्द. जाम्बो, हबारी, असांते. मी कौतुकाने शिकवत होते आणि तो शाळकरी पोरासारखा घोकत होता. मला वाटायचं, किती हा जीव लावतो!

आमची बातमी मावशीला लागायची ती लागलीच. "मांजर डोळे मिटून दूध पितं," ती भात वाढताना म्हणाली, "पण आमचे डोळे उघडे आहेत. कोळ्याचा मुलगा!" मी म्हटलं, मोंबासात मराठी घरं इतकी थोडी की जात विचारायची म्हटली तर माणसं पुरत नाहीत. त्यावर तिने मला आणखी एक मूद भात वाढला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "जातीचं राहू दे. तो आफ्रिकेची चौकशी फार करतो का गं?"

"करतो. का?"

"हल्ली तिकडचे परवाने सहज मिळत नाहीत. तिकडची मुलगी केली की दार उघडतं, असं समजणारे पुष्कळ आहेत. आमच्या गोदीत रोज एक नवा भेटतो. मी त्याला नावं ठेवत नाही, मंदा. तू विचार कर एवढंच."

काका खवचट बोलले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने बोलले, म्हणून ते शब्द आत रुतले. मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि मग त्याचा प्रत्येक प्रश्न मला निराळाच ऐकू येऊ लागला. तो 'जाम्बो' म्हणाला की मला वाटायचं, हा सामान बांधतोय.

शेवटी मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवलं. पुढच्या रविवारी वाळूत बसल्याबसल्या सहज बोलल्यासारखं केलं. "ऐकलंस का? आफ्रिकेत आता नव्या माणसाला घेतच नाहीत. बायकोच्या नावावरसुद्धा नाही."

तो समुद्राकडे बघत राहिला. "नक्की?"

"नक्की."

त्याने केवढा तरी श्वास सोडला. मग त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, "मग सगळंच अवघड झालं गं." त्यानंतर त्याने भेळेला हात लावला नाही. मला हवं होतं ते उत्तर मिळालं, म्हणजे नको होतं ते. मी डोकं दुखतंय म्हणून उठले आणि घरी येऊन विहिरीवर तोंड धुण्याच्या निमित्ताने पोटभर रडले. नंतरचे रविवार मी अभ्यासाचं कारण सांगून चुकवले.

वेसावे

एक दिवस अंधेरीच्या बाजारात मावशी पापलेटाचा भाव पाडत होती, तर कोळणीने पापलेट खाली ठेवलं आणि माझंच मनगट धरलं. "तूच ना गो ती आफ्रिकावाली? मी हरेश्वरची आय. आयतवारी घरा ये. पोराशी बोलू नुको, माझ्याशी बोल." मावशीचा भाव तिथेच राहिला. घरी आल्यावर ती म्हणाली, "जा. बाई सरळ दिसते. काय ते एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे." माईमावशीचे उपकार मोजायला बसले तर त्या वाक्यापासून सुरुवात करीन.

सात बंगल्यांपर्यंत बस, पुढे चालत. वेसाव्याला गाव संपतं तिथे मचवे सुरू होतात, आणि मचव्यांच्या अलीकडे वाळूत बांबूंच्या उंच वलांड्या, त्यांवर बोंबील वाळत घातलेले. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडीने दोरीवर टांगतात. वाऱ्यावर सगळी रांग हलते. वासाबद्दल काय सांगू. मोंबासात देशाहून बोंबलाची पुडी आली की आपण दारं लावून भाजतो, तसा तो वास, पण अख्ख्या किनाऱ्याला.

चांगुणाबाई वलांडीपाशी उभी होती. तिने मला बस म्हटलं नाही, बोंबलांची पाटीच हातात दिली. मी जोड्या लावू लागले. काटेरी दात बोटाला लागले तशी तिने माझा हात वळवून दाखवला आणि मग एकदम विचारलं, "माझे पोराला कवा नेतेस?"

मला वाटलं, ही तर घाईलाच आलीय! मी फटकन बोलले, "त्यालाच फार जायचंय, त्याला विचारा."

"त्याला?" ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "तो जेवत नाय गो. रोज येऊन त्या मचव्याव हात फिरवतं नि बसतं. धाकट्याला बोलला, माझी जागा तुला. सोसायटीकडनं मचव्याला इंजिन घेवाचं त्याच्याच डोक्यात व्हतं, दोन वरसं तेचा जप. आता बोलतं, परवाना बंद असला तरी कायतरी वाट काढीन, मचवा धाकटा बघल."

"मग जातोय कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाटी खाली ठेवली. "तुझ्या बापाला कोन हाय? तुला भाऊ नाय. बापाला दिसत नाय. हा बोलला, आये, येकटी लेक हाय, ती बापाला टाकून येनार नाय, नि मी तिला तसं बोलनार बी नाय. म्हंजे मलाच जाया पायजे. घरजावय व्हनार माझा पोर. आलीतल्या बायका हसतान. त्याचे तोंडाव हसतान."

सगळे प्रश्न माझ्या डोक्यात पुन्हा एकदा विचारले गेले: मचवा घेऊ देतात का, मासे मारतात का, कारकुनीच का. हा माणूस तिथे जायला उतावीळ नव्हता, तिथे जगता येईल का ते चाचपून बघत होता. आणि परवाना मिळत नाही हे ऐकून जो श्वास सुटला तो सुटकेचा होता. चेहरा उतरला तो माझ्या बाबांच्या आठवणीने. मी उलटं वाचलं होतं, अगदी पहिल्या अक्षरापासून.

चांगुणाबाईने वलांडीच्या वरच्या दोरीवरचे, खास निवडून वेगळे टांगलेले बोंबील दाखवले. तिचा आवाज आता खाली आला होता. "हे त्याच्यासाठी सुकवतंय. पोरी, तिकरं बोंबील मिलतान का गो?"

मी तिच्या कुशीत डोकं घातलं. तिच्या हातांना मासळी होती, तिने कोपरांनी मला धरून ठेवलं.

हरेश्वर धक्क्याजवळ उलट्या घातलेल्या होडीच्या फटी बुजवत होता. मला पाहून उठला, पण मी बसले म्हणून पुन्हा बसला.

"तुला आफ्रिकेला यायचंय?"

"परवाना मिळत नाही ना?"

"मिळेल. मी खोटं बोलले. यायचंय का, ते सांग."

त्याने फटीत कापूस दाबला. "नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मला यायचं नाही पण मी येणार, असं कसं बोलायचं? तू म्हणाली असतीस, मग नको येऊस. आणि मग बाबांचं काय?"

मी त्याला माझा संशय सांगून टाकला, परवान्यासाठी लग्न आणि सगळं. त्याला लागलं. त्याने मान वर न करता आणखी दोन फटी बुजवल्या. मला वाटलं, वाट लागली, आता संपलं. मग तो म्हणाला, "आफ्रिकेत जायला मिळावं म्हणून लग्न करायला मी काय हत्ती आहे?" आणि आम्ही दोघं इतके हसलो की जाळी विणणारे म्हातारे वळून बघू लागले.

पण हसून प्रश्न सुटत नाही. "तू येऊ नकोस," मी म्हटलं, "मी बाबांशी बोलते." "ते नाही म्हणाले तर मी येणार," तो म्हणाला, आणि त्यावर त्याने वाद घालू दिला नाही.

मोंबासा

परीक्षा झाली आणि मी परत आले. चांगुणाबाईने बोंबलांचं गाठोडं दिलंच, आणि बोटीतल्या सगळ्या प्रवाशांनी वाटभर माझ्या नावाने नाकं धरली.

आता हे प्रवासवर्णन निरोपाचंही आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या देशाची तुम्ही इतकी आठवण काढता, तिथे मला देवळं, किल्ले फार भेटले नाहीत. फुकट कोथिंबीर देणारी भेटली, पायातल्या चपला काढून देणारी भेटली, संशय घेणारे काकाही माझ्या काळजीपोटीच बोलले. माझ्या पदरात कुठून आणि किती पडलं याचा मला हिशेब लागत नाही, आणि तो लागू नये असंच वाटतं. मोंबासाचंही तसंच. तुम्ही सगळ्यांनी आई नसलेल्या मुलीला घरोघर जेवू घातलंत, म्हणून तर मला परक्या घरी जेवायला बसायची लाज वाटली नाही.

राहिले बाबा. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही देशात चला. आमच्याजवळ राहा." त्यांनी हरेश्वरबद्दल एक शब्द वाईट काढला नाही, जात विचारली नाही, पण यायला साफ नकार दिला. "मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं माझे वडील सांगत. मी काय तिथे जाऊन जावयाच्या भाताला बसू? लोक काय म्हणतील?" मी रडून पाहिलं, रुसून पाहिलं. ते आपले पडवीत बसून हातांनी चाचपत रंधा मारत राहिले. मला दिसत होतं, हे हलणार नाहीत, आणि हे हलले नाहीत तर तो येईल, आणि इथे कुठल्यातरी पेढीत लेखणी घासत आयुष्य काढील, आणि मला एका शब्दाने बोलणार नाही.

मग एका दुपारी मी ते सांगितलं, जे त्यांना वाईट वाटेल म्हणून आजवर सांगितलं नव्हतं. वेसाव्याच्या आळीत बायका त्याला घरजावई म्हणून हसतात, तोंडावर हसतात.

बाबांचा रंधा थांबला. "तो इकडे यायला निघाला म्हणून हसतात?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आणि तरी तो येणार होता?"

"अजूनही येईल. तुम्ही नाही म्हणालात तर."

बाबांनी लाकडावरचा भुसा फुंकला, तळव्याने फळी पुसली, आणि म्हणाले, "मग मलाही हसू देत लोक. बोटीची चौकशी कर."